डेंग्यूची कार्ड टेस्ट: रेघांवर किती विसंबायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की आमच्या लॅबच्या खिडकीशी तेच ते प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. रात्री अकराला कार्डाचा फोटो येतो, खाली एकच ओळ: “मॅडम, ही रेघ धरायची का?” मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे आणि मोसमात रोज ही कार्डं वाचते. गेल्या काही पावसाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. हवा तो प्रश्न काढून वाचा. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. डेंग्यूच्या कार्ड टेस्टमध्ये नेमकं काय करतात?

बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी असते. तिच्या एका टोकाला तुमच्या रक्ताचा किंवा सीरमचा थेंब टाकतात आणि वर किटमधलं द्रावण. (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पिवळसर पाणी.) आतल्या पडद्यावरून हे पाणी पुढे सरकत जातं. वाटेत डेंग्यूच्या विषाणूची प्रथिनं ठेवलेली असतात आणि त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात. रक्तात डेंग्यूविरुद्धच्या अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) असतील तर त्या या प्रथिनांना धरतात आणि पुढच्या रेघेवर अडकतात. तिथे सोन्याचे कण साचले की लालसर जांभळी रेघ उमटते.

कार्डावर ‘सी’ (कंट्रोल) या अक्षराशी उमटणारी रेघ पट्टी नीट चालली एवढंच सांगते. ती उमटली नाही तर बाकी काहीही दिसो, टेस्ट बाद, नवं कार्ड घ्यायचं. आणि ‘सी’ उमटली म्हणून टेस्ट बरोबर आली असंही नाही. ते वेगळं प्रकरण आहे.

२. रिपोर्टवर एनएस-१, आयजीएम, आयजीजी असं तीनदा लिहिलंय. तिन्हींत फरक काय?

एनएस-१ हा विषाणूचाच भाग, म्हणजे अँटिजेन. ताप आला त्या दिवसापासून साधारण आठवडाभर तो रक्तात सापडू शकतो. ही अँटीबॉडी टेस्ट नव्हे, पण बाजारातल्या जोड कार्डांवर दोन्ही शेजारी शेजारी असतात, म्हणून गोंधळ होतो.

आयजीएम ही शरीराने तयार केलेली पहिली अँटीबॉडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत तिचं वेळापत्रक दिलं आहे: तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत निम्म्या रुग्णांत ती सापडते, पाचव्या दिवशी ८० टक्के रुग्णांत आणि दहाव्या दिवसापर्यंत ९९ टक्के रुग्णांत. साधारण दोन आठवड्यांनी ती सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन महिन्यांत ओसरते.

आयजीजी मागून येते आणि वर्षानुवर्षं, कित्येकांत जन्मभर राहते. पण डेंग्यू दुसऱ्यांदा होतो तेव्हा हा क्रम उलटतो. त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

३. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. म्हणजे डेंग्यू नाही ना?

दुसऱ्या दिवशी फक्त अँटीबॉडीची टेस्ट केली असेल तर त्या निगेटिव्हला जवळजवळ काहीच अर्थ नाही. शरीराने अँटीबॉडी बनवल्याच नसतील तर कार्डाला सापडणार काय? तोवर कार्ड उत्तम असलं तरी कोरंच राहणार. त्या दिवशी विचारायची टेस्ट एनएस-१ ची, आणि तीही निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाही असं छातीठोक सांगता येत नाही.

एका सप्टेंबरमध्ये विशीतल्या एका मुलाचं कार्ड मी स्वतः वाचलं होतं. तापाचा दुसरा दिवस, आयजीएम-आयजीजी दोन्ही कोरे. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ गेलं. घरच्यांनी निःश्वास टाकला. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून तो कामावर गेला, आणि त्याच संध्याकाळी पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत म्हणून त्याला दाखल करावं लागलं. तेव्हा घेतलेल्या रक्तात आयजीएमची रेघ ठळक होती. मुलगा बरा झाला. पण पहिल्या रिपोर्टवर आम्ही ‘तापाचा दुसरा दिवस, ही टेस्ट पाचव्या दिवसानंतर पुन्हा करावी’ एवढं लिहिलं असतं तर तो कामावर गेला नसता, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून आमच्याकडे रक्त घेतानाच ताप कधी सुरू झाला ते विचारतात आणि रिपोर्टवर छापतात. तुमच्या लॅबने विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

४. तापाचा दिवस मोजायचा कसा? डॉक्टरकडे गेलो त्या दिवसापासून?

नाही. पहिल्यांदा ताप चढला किंवा कणकण जाणवली तो पहिला दिवस. पुष्कळ जण दोन दिवस गोळी घेऊन काढतात आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरला ‘कालपासून ताप आहे’ सांगतात. त्यामुळे टेस्ट चुकीची निवडली जाते. ढोबळ मानाने पहिले पाच दिवस एनएस-१, पाचव्यानंतर आयजीएम. सीमेवरच्या दिवसांत, म्हणजे चौथ्या ते सहाव्या दिवशी, दोन्ही एकत्र केलेलं चांगलं.

५. किटच्या खोक्यावर ‘९५ टक्क्यांहून अधिक अचूक’ छापलंय. मग शंका कशाला?

कारण अचूकता हा एक आकडा नाही, दोन आहेत. खरोखर डेंग्यू असलेल्या शंभरांपैकी किती जणांना किट पकडतं, हा एक. डेंग्यू नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ते बरोबर सोडून देतं, हा दुसरा. एखादं किट पहिल्यात हुशार आणि दुसऱ्यात कच्चं असू शकतं.

शिवाय खोक्यावरचा आकडा कोणाच्या रक्तावर काढला ते बघावं लागतं. दहाव्या दिवसाचे, आयजीएमने भरलेले नमुने घेतले तर कुठलंही किट चमकतं. बाजारातल्या आयजीएम किटची स्वतंत्र तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एलायझा (लॅबमध्ये उपकरणावर वाचतात ती टेस्ट, प्रश्न १०) आणि रॅपिड, म्हणजे आपली कार्डं, असे दोन्ही प्रकार होते. खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण किटगणिक २१ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत होतं, आणि डेंग्यू नसलेल्यांना सोडण्याचं ७७ ते ९८. म्हणजे दोन लॅबमधली दोन कार्डं दिसायला सारखी असली तरी गुणाने जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मलेरियाच्या आणि पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या रुग्णांमध्ये खोटे पॉझिटिव्हही सापडले. ते आपल्याकडे विसरून चालणारच नाही.

६. पॉझिटिव्ह आली म्हणजे डेंग्यूच. हे तरी पक्कं ना?

ते मोसमावर अवलंबून आहे. विचित्र वाटेल, म्हणून हिशेबच मांडते. आकडे समजण्यापुरते, मी धरलेले आहेत.

समजा एक किट डेंग्यूच्या १०० पैकी ८० रुग्ण पकडतं आणि डेंग्यू नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडतं. भर साथीत तापाचे २०० रुग्ण आले, त्यातल्या ८० जणांना डेंग्यू आहे. किट ६४ जणांना पकडेल. उरलेल्या १२० पैकी १२ जणांना उगीच पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह ७६, त्यातले ६४ खरे. चांगलंच म्हणायचं. पण निगेटिव्ह आलेल्या १२४ जणांत १६ डेंग्यूवाले दडलेले आहेत.

आता तेच किट एप्रिलमध्ये वापरा. तापाचे २००, त्यातले डेंग्यूचे फक्त १०. किट ८ पकडेल आणि उरलेल्या १९० पैकी १९ जणांना खोटं पॉझिटिव्ह देईल. एकूण पॉझिटिव्ह २७, खरे ८. किट तेच, हात तेच, तरी तीन पॉझिटिव्हपैकी दोन खोटे.

म्हणून साथीत निगेटिव्हवर चटकन विश्वास ठेवू नका आणि साथ नसताना पॉझिटिव्हवर. डॉक्टर “गल्लीत आणखी कोणाला ताप आहे का?” विचारतात ते यासाठीच.

७. रेघ अगदी फिकट आहे. पॉझिटिव्ह धरायची की नाही?

ठरलेल्या वेळेत उमटली असेल तर फिकट रेघही रेघच. बहुतेक कार्डं पंधरा ते वीस मिनिटांनी वाचायची असतात, नेमकी वेळ किटच्या पत्रकावर असते. त्यानंतर पट्टी वाळू लागते आणि नसलेली रेघ दिसायला लागते. संध्याकाळी केलेल्या कार्डाचा सकाळी काढलेला फोटो मी वाचत नाही, तुम्हीही वाचू नका.

फिकट आयजीएम तीन कारणांनी येते: आजार नुकता सुरू झालाय आणि अँटीबॉडी चढतायत, जुनी अँटीबॉडी ओसरतेय (प्रश्न ९), किंवा किटने भलत्याच कशाला तरी धरलंय (प्रश्न ११). एका कार्डावरून यातलं कुठलं ते कळत नाही. दोन-तीन दिवसांनी दुसरं रक्त घेतलं आणि रेघ ठळक झाली, तर बरंचसं उत्तर मिळतं.

८. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आहे. डॉक्टर म्हणाले ‘जुनं आहे, काळजी नको.’ खरं का?

ताप नसेल तर खरं. ताप असेल तर थांबा.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून थोडेच महिने. दुसऱ्या प्रकाराची लागण झाली की शरीराला जुनी ओळख आठवते आणि आयजीजी पहिल्याच आठवड्यात भराभर चढते. आयजीएम मात्र कमी बनते, काही जणांत कार्डावर दिसतही नाही. एनएस-१ सुद्धा आधीच्या आयजीजीने वेढला जातो, त्यामुळे तोही हुकू शकतो. म्हणजे ज्या दुसऱ्या लागणीत आजार गंभीर होण्याचा धोका जास्त, तिथेच कार्डाच्या दोन खिडक्या कोऱ्या राहण्याची शक्यता जास्त. या टेस्टमधली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच.

काही किटांमध्ये आयजीजीची रेघ मुद्दामच जड ठेवलेली असते. आयजीजी खूप वाढली तरच ती उमटते, म्हणजे दुसऱ्या लागणीचा इशारा मिळतो. काही किटांमध्ये जुनी, थोडीशी आयजीजीही दिसते. आपलं किट कुठलं, ते लॅबने पत्रक वाचून सांगायला हवं. तापातली ‘फक्त आयजीजी’ झटकून टाकू नका. एलायझा करा, प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) रोज बघा.

९. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. आता ऑक्टोबरमध्ये परत ताप, आयजीएम पॉझिटिव्ह. परत डेंग्यू?

असेलच असं नाही. ऑगस्टमधली आयजीएम ऑक्टोबरमध्ये रक्तात शिल्लक असू शकते. आत्ताचा ताप मलेरियाचा, टायफॉइडचा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो आणि कार्ड जुन्याच डेंग्यूची कहाणी सांगत असेल. कोकणात भातलावणीत चिखलात उभं राहिलेल्या माणसाला ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ म्हणून घरी पाठवलं आणि लेप्टो निसटला, तर ते महागात पडतं, कारण लेप्टोवर अँटिबायोटिक आहे आणि ते वेळेत सुरू करावं लागतं. अशा वेळी एनएस-१ किंवा आरटी-पीसीआर उपयोगी, कारण त्या विषाणूच शोधतात. जुना रिपोर्ट सोबत न्या, तारखेसकट.

१०. खासगीत कार्ड पॉझिटिव्ह आलं, तरी सरकारी दवाखान्यात परत रक्त घेतलं. ती एलायझा निगेटिव्ह आली. कोण खरं?

कीटकजन्य आजारांच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात रॅपिड कार्डाच्या पॉझिटिव्हला ‘संभाव्य’ म्हणतात. खात्री धरतात ती एलायझाची: पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ एलायझा, नंतर आयजीएमची एलायझा (तिला मॅक एलायझा म्हणतात). ही आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, आपल्या एनआयव्हीत, तयार होतात आणि देशभरातल्या ठरलेल्या रुग्णालयांना मोफत जातात. एलायझात एका प्लेटवर अनेक नमुने एकत्र लावतात, उपकरण रंगाची तीव्रता मोजतं, डोळ्यावर काही सोडलेलं नसतं. म्हणून ती जास्त भरवशाची, आणि म्हणूनच रिपोर्टला वेळ लागतो.

पण ‘कोण खरं’ ठरवण्याआधी दोन्ही रक्तं कधी घेतली ते बघा. पहिलं दुसऱ्या दिवशी, एनएस-१ कार्डासाठी, आणि दुसरं चौथ्या दिवशी, आयजीएम एलायझासाठी असेल, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकाच दिवशी, एकाच गोष्टीसाठी केलेल्या टेस्ट वेगळ्या आल्या तर मी एलायझा धरते.

११. दुसऱ्या कुठल्या आजारामुळे कार्ड फसतं? चिकुनगुनियामुळे?

चिकुनगुनियाचा विषाणू वेगळ्या कुळातला, त्याच्यामुळे कार्ड सहसा फसत नाही. पण डास तोच, एडिस, त्यामुळे दोन्ही आजार एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतात.

खरी फसगत होते ती डेंग्यूच्या भाऊबंदांमुळे: झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, पीतज्वर. यांच्या अँटीबॉडी डेंग्यूच्या प्रथिनांनाही चिकटतात. आफ्रिकेला किंवा दक्षिण अमेरिकेला जाण्याआधी घेतलेली पीतज्वराची लस, किंवा विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मुलांना दिली जाणारी मेंदूज्वराची लस, हीही डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. त्याखेरीज मलेरिया (प्रश्न ५) आणि काही संधिवातांत आढळणारा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर.

१२. मी गरोदर आहे, डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह आलाय. झिकाचं कसं कळणार?

अँटीबॉडीच्या कार्डावरून कळणार नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, आणि २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर स्त्रियांमध्येही झिका आढळला. त्यामुळे हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही. झिकासाठी रक्त आणि लघवीची आरटी-पीसीआर लागते, तीही लवकर. ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल असतील तर आजच स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. नमुना कुठे पाठवायचा ते महापालिकेचा किंवा जिल्ह्याचा आरोग्य विभाग सांगेल.

१३. सहा महिन्यांच्या बाळाची आयजीजी पॉझिटिव्ह कशी? त्याला तर कधी तापच आला नाही.

ती बहुधा आईची आहे. आयजीजी वारेतून बाळात जाते आणि पहिल्या वर्षात हळूहळू संपते. आयजीएम वार ओलांडत नाही, म्हणून बाळाची आयजीएम पॉझिटिव्ह आली तर ती त्याच्या स्वतःच्या आजाराकडे बोट दाखवते. आईकडून आलेल्या आयजीजीमुळे बाळ सुरक्षित आहे असं समजू नका. ती ओसरत असतानाच्या महिन्यांत लहान बाळांना डेंग्यू जड जाऊ शकतो. तान्ह्याचा ताप बालरोगतज्ज्ञांनीच बघावा.

१४. कोविडच्या वेळी रॅपिड किट परत पाठवली होती ना? डेंग्यूचीही तशीच आहेत का?

एप्रिल २०२० मध्ये राज्यांकडून तक्रारी आल्यावर आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) आधी दोन दिवस कोविडच्या रॅपिड अँटीबॉडी टेस्ट थांबवायला सांगितलं, आणि २७ एप्रिलला दोन कंपन्यांची किट वापरू नका, परत करा असं कळवलं. तिथे किटचा दर्जा हा एक भाग होता. दुसरा भाग असा की अँटीबॉडी उशिरा बनतात, त्यामुळे आज आजारी असलेल्याला शोधायला ती टेस्ट मुळातच तोकडी होती. डेंग्यूच्या आयजीएम कार्डाला हा दुसरा मुद्दा जसाच्या तसा लागू आहे. पहिला किटगणिक बदलतो.

याच काळातली आणखी एक गोष्ट आम्हा लॅबवाल्यांच्या मनात राहिली आहे. मार्च २०२० मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत कळवली. डेंग्यूचं रॅपिड कार्ड पॉझिटिव्ह आलं म्हणून आधी डेंग्यूच समजला गेला, निघाला कोविड.

१५. डेंग्यूची लस घेतली असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर?

दोन्हीत अँटीबॉडी टेस्टचा अर्थ बदलतो. लसीने अँटीबॉडी तयार होणारच, त्यासाठीच ती घेतलेली असते. रक्त, प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) दिलं असेल तर दात्याची आयजीजी तुमच्या कार्डावर उमटू शकते. परदेशी राहणाऱ्या मंडळींनी लस घेतली असेल तर भारतात ताप आल्यावर ते आधी सांगावं. एनएस-१ आणि आरटी-पीसीआर इथे जास्त कामाच्या.

१६. प्लेटलेट ६० हजारांवर आल्या, कार्ड मात्र निगेटिव्ह. उपचार कशाचे करायचे?

कार्डाचे नाही, माणसाचे. प्लेटलेट मलेरिया, लेप्टो आणि इतर अनेक तापांतही घसरतात, त्यामुळे त्यावरून डेंग्यू ठरत नाही. पण कार्ड कोरं आहे म्हणून डेंग्यू गेला असंही नाही (प्रश्न ३ आणि ८). डेंग्यूला विषाणू मारणारं औषध नाही, पाणी योग्य मापात जाणं हाच उपचार, आणि त्यासाठी कार्डाची वाट बघायची गरज नाही. तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायचं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. संशय आहे तोवर डेंग्यू धरूनच वागायचं आणि मलेरियाची टेस्ट सोबत करायची.

१७. मेडिकलमधून किट आणून घरी केली तर चालेल?

मी नको म्हणेन. थेंब कमी-जास्त पडतो, पाकीट आधीच फोडून ठेवलेलं असतं, किट गाडीच्या डिकीत तापलेलं असतं. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी बिघडते. याहून मोठी अडचण म्हणजे घरच्या कोऱ्या कार्डाने माणूस दवाखान्यात जायचं टाळतो.

१८. टेस्ट पॉझिटिव्ह होती, पण आता ताप उतरलाय. परत टेस्ट करून निगेटिव्ह झाल्याची खात्री करू का?

नको, पैसे वाया. आयजीएम महिनोन्‌महिने राहील, आयजीजी वर्षानुवर्षं, आणि त्याने तुमच्या बरं होण्याविषयी काही कळणार नाही.

त्याऐवजी ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून बघा. डेंग्यूत धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली येतो तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, हिमॅटोक्रिट चढतं आणि प्लेटलेट घसरतात. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, पेंगणं किंवा उगीच अस्वस्थ होणं, यातलं एकही दिसलं तर कार्डावर काहीही असो, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.